कुत्रीला खाऱ्या पाण्यात बुडवलं तेव्हा

आमच्याकडे ग्रेहाउंड कुत्री होती असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या कानातल्या कुड्यांकडे बघतात आणि मग म्हणतात, "काय सांगता!" सांगते तेच सांगते. भाईंदरच्या मिठागराच्या चाळीत दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत पाण्याची दोन पिंपं आणि त्या दोन पिंपांच्या मधे ग्रेहाउंड. चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन दीड.

मिठागराच्या मालकांचा वरसाव्याला बंगला होता. मालक बंगला बंद करून परदेशी निघाले. फर्निचर गेलं, गाडी गेली, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा कोणीतरी नेला. कुत्रीला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. आमचे हे मिठागरावर कारकून. कसला तरी कागद पोचवायला बंगल्यावर गेले आणि कुत्री घेऊन चालत परत आले. अडीच तास चालले म्हणे. कुत्री दमली नव्हती, हे दमले होते.

दारात ती उभी राहिली तेव्हा मला वाटलं ह्यांनी हरीण आणलं. सासूबाईंना वाटलं आजारी वासरू आणलं.

"मरायला टेकलेलं जनावर घरात कशाला आणलंस रे?" त्यांनी विचारलं.

"आई, ही जातच अशी असते. विलायती आहे."

"उपाशी राहायची जात?"

ह्यांनी कुत्री पडवीत नेऊन बांधली. ह्यांच्याकडे तशी फारशी उत्तरं नसतच. मोजकं बोलणारा माणूस. मला लग्नात सांगितलं होतं, मुलगा शांत आहे. शांत म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नव्हतं.

कुत्रीच्या फासळ्या मोजता यायच्या. पाठीचा कणा वर आलेला, पोट आत गेलेलं. ग्रेहाउंड अशीच असते, हे आज मला कळतं, पण तेव्हा आख्ख्या भाईंदरात हे एकट्या आमच्या ह्यांना ठाऊक होतं, आणि ते बोलत नसत. मग काय, जो तो मला बोलायचा. वाणी पुडी बांधता बांधता म्हणायचा, "भाभी, कुत्ते को भी कुछ खिलाया करो." किनाऱ्यावरच्या पालीहून सुके बोंबील घेऊन एक बाई यायची, ख्रिस्ती, तोंडाची फटकळ. ती टोपली खाली ठेवायची, कुत्रीकडे बघायची आणि म्हणायची, "ही कुत्री हाय का सापळा? घरात भात न्हाय का गो?" आणि दोन बोंबील फुकट टाकायची. कुत्रीला. मला कधी एक वर टाकला नाही.

आम्ही घाबरून खायला घालत सुटलो. भाकरी, भात, बोंबलाची डोकी, सणाला केलेल्या पुरणपोळीतली अर्धी. ती सगळं खायची आणि तशीच राहायची. शेवटी तबेल्यातल्या म्हशींना बघायला गुरांचे डॉक्टर सायकलवरून यायचे, त्यांना हाक मारली. त्यांनी कुत्रीभोवती एक चक्कर मारली, जीभ बघितली, आणि विचारलं, "हिला शिंगं येणार आहेत का?" मग स्वतःच हसले. आम्ही हसलो नाही. त्यांनी वासराच्या हिशेबानं जंताची अर्धी गोळी दिली आणि गेले.

तिला एक इंग्रजी नाव होतं. ते सासूबाईंच्या जिभेला जमेना, म्हणून त्या "अगं ए" म्हणायला लागल्या. मलाही सगळे "अगं ए" च म्हणायचे. हाक आली की आम्ही दोघी उठून जायचो. बहुतेक वेळा काम तिच्याकडे नसायचं.

आता पाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिठागरात पाणी डोळे पोचतील तिथवर, आणि पिण्यासारखं थेंबभर नाही. विहिरीचं पाणी मचूळ. भांडी त्यात घासायची, कपडे त्यातच धुवायचे. पिण्याचं गोडं पाणी बैलगाडीवर पिंपातून यायचं, एक दिवसाआड. दर घराला ठरलेलं. आमच्या घरच्या पाण्याच्या मालकीण सासूबाई. पिंपाच्या आत किती पाणी आहे त्याची खूण त्या बाहेरून खडूनं रेघ मारून ठेवत. दुपारी रेघ बघत, संध्याकाळी रेघ बघत. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे पाटाचं पाणी दारातून वाहायचं. इथे मी तांब्याभर पाण्यात केस धुवायला शिकले. शिकले म्हणजे, शिकवली गेले. एकदा दोन तांबे घेतले तर सासूबाई म्हणाल्या, "केस आहेत की शेत आहे?"

मीठ मात्र मुबलक. आणि त्या घरात सगळ्या रोगांवर औषध एकच. घसा बसला, मिठाच्या गुळण्या. दाढ दुखली, मिठाचा खडा. पाय मुरगळला, मिठाचा शेक. पाहुण्याची नजर लागली, मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत. सासूबाई पेणच्या, माहेरचं मिठागर, सासरचं मिठागर. मी सुरुवातीला हसायचे. वर्षभरात मीसुद्धा डोकं दुखलं की मिठाच्या बरणीकडे बघायला लागले.

आणि गोचीड.

बांधावरच्या गवतात, गाडीच्या बैलांच्या गोठ्यात, तबेल्यात, सगळीकडे गोचीड. गावठी कुत्र्यांना ते असतातच, कोणी मनावर घेत नाही. पण हे मनावर घ्यायचे. रोज संध्याकाळी कामावरून आले की चहा घेण्याच्या आधी पडवीत सतरंजी टाकून बसायचे. कुत्री आपणहून आडवी व्हायची. मग कानाच्या आतून सुरुवात. कान, गळपट्ट्याखाली, काखेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीड सापडला की अगदी कातडीला टेकून चिमटीत धरायचा आणि सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, कारण तोंड आत राहिलं की तिथं गळू होतं. नखावर चिरडायचाही नाही. शेजारी वाटीत रॉकेल, त्यात टाकायचा. तासभर हे चालायचं. आणि हे सगळं करताना तो शांत माणूस बोलायचा. "हो गं बाई, दुखलं का, झालं हं, झालं, शहाणी माझी ती." मी आतून चहाचा कप घेऊन उभी असायचे. कप थंड व्हायचा. मला कधी कोणी "शहाणी माझी ती" म्हटलं नव्हतं. जळले मी, खोटं कशाला बोलू? कुत्रीवर जळले.

लोक उपाय सांगायचे. तंबाखूचं पाणी लावा, करंजेल लावा, सीताफळाच्या बियांची पूड लावा. हिवतापवाले घराघरात फवारतात ती पावडर चोळा. हे सगळ्यांना एकच सांगायचे, "हिच्या अंगावर काही लावायचं नाही. हिची कातडी पातळ असते, खाली चरबी नसते. जे लावाल ते आत जाणार." बंगल्यावरच्या माणसानं त्यांना हे सांगितलं होतं, आणि त्यांनी ते गाठीला बांधलं होतं.

वैशाखात उरणच्या मिठागरावरचा कारकून आजारी पडला आणि ह्यांना आठ दिवस तिकडे जावं लागलं. निघताना पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहिले. मला वाटलं मला काहीतरी सांगतील. सांगितलं. "रोज हातानं गोचीड काढ. एकेक. अंगावर काही लावू नकोस. आणि गोठ्याकडे नेऊ नकोस, उघड्या बांधावरून फिरव." दीड वर्षात मला उद्देशून केलेलं हे सर्वांत लांब बोलणं. मी मान हलवली. मनात ठरवलं, परत येतील तेव्हा कुत्रीच्या अंगावर एक गोचीड दिसता कामा नये. असं काम करून दाखवीन की बघत राहतील.

पहिले दोन दिवस मी काढले. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. वैशाखातलं ऊन, कंबर धरलेली, आणि कुत्री घरभर पायात. दुपारी बैल कामाला जायचे तेव्हा गोठ्यात गार सावली असायची. मी तिला तिथं बांधून ठेवायला लागले. दुपारी दोन तास. तीन दिवस. मला गोठ्याकडे नेऊ नकोस असं सांगितलं होतं ना? होतं. मला ते फिरवण्यापुरतं वाटलं. माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

सहाव्या दिवशी सकाळी तिचा कान उलटा करून बघितला आणि अंगावर काटा आला. आत जागा उरली नव्हती. बोटांच्या बेचक्यात, काखेत, पापणीच्या कडेला, सगळीकडे. मोठे टम्म फुगलेले, आणि बारीक तर मिरपूड सांडावी तसे. तासभर बसले, एक कान झाला नाही. आणि हे दोन दिवसांनी येणार.

मग मला आठवलं. होळीच्या सुमारास गाडीवानानं एका बैलाला मिठागराच्या शेवटच्या कुंडीत उभं करून धुतलं होतं. शेवटची कुंडी म्हणजे बांध घातलेला तो शेवटचा उथळ वाफा, जिथलं पाणी मीठ पडायच्या बेताला आलेलं असतं. जाड, कोमट, हाताला तेलकट लागतं आणि हात वाळला की पांढरा. त्या पाण्यानं बैलाचे गोचीड गळून पडले होते, मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि ह्यांनी अंगावर काही लावू नकोस म्हटलं होतं ते औषधाबद्दल, पावडरीबद्दल, तेलाबद्दल. मीठ म्हणजे काय लावणं झालं? मीठ तर आपण खातो.

सासूबाई सकाळीच गावात बारशाला गेल्या होत्या. मी कुत्रीला घेऊन बांधापलीकडे गेले. तिला त्या पाण्यात यायचं नव्हतं. काठावर पाय रोवून उभी राहिली, कान मागे. मी "अगं ए, ये" म्हटलं. आली बिचारी. मी बोलावलं म्हणून आली.

गळ्यापर्यंत बुडवली, चोळली, कानात पाणी घातलं. गोचीड पडले, हे मी आजही सांगेन. पाण्यावर तरंगताना दिसले. मी त्या कुंडीत गुडघाभर उभी राहून एकटीच हसले. म्हटलं, एक तास बोलत बसतात, आपण पाऊण घटकेत उरकलं.

बैलाला धुतल्यावर गाडीवानानं वरून दोन बादल्या गोडं पाणी ओतलं होतं. तेही मी बघितलं होतं. विसरले नव्हते. पण पिंपात वीतभर पाणी होतं, बाहेर खडूची रेघ होती, आणि गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. रेघेखाली पाणी गेलं तर काय सांगू? म्हटलं, एक दिवसानं काय होतंय, उद्या गाडी आली की धुवू. तिला पडवीत उन्हाला बांधली आणि स्वयंपाकाला लागले.

ती वाळली आणि अंग चाटायला लागली. गोचीड गेल्याच्या जागी आग होत असणार, आणि वर मिठाचा थर. पोट चाटलं, पाय चाटले, काखा चाटल्या. मला वाटलं, बरं झालं, स्वतःच स्वच्छ करते आहे. मग तहान लागली तर तिच्या भांड्यात पाणी कुठलं? विहिरीचं. मचूळ. भांडं रिकामं झालं, मी भरलं. पुन्हा रिकामं झालं, पुन्हा भरलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे मारुतीही दिसेना.

दुपारी सासूबाई आल्या. पडवीत थांबल्या.

"ही पांढरी कशी झाली?"

"गोचीड झाले होते, आई."

"मी गोचिडांचं विचारलं नाही."

त्यांनी वाकून कुत्रीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "शेवटची कुंडी," म्हणाल्या. नुसत्या चवीवरून. तेवढ्यात कुत्री ओकली. उठायला गेली आणि मागचे पाय आपसूक फाकले. पुन्हा उठली, भिंतीवर आपटली. मग आडवी झाली आणि चारी पाय ताठ करून थरथरायला लागली. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे बघत नव्हते.

मी भोकाड पसरलं. आता हे येतील आणि कुत्री नसेल, एवढंच डोक्यात. आणि मी काय सांगणार? माझ्यावर सोपवलेली ही एकच गोष्ट होती.

"रड नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी तिला धर."

त्यांनी पिंप उचकटलं आणि कळशीनं गोडं पाणी काढून कुत्रीच्या अंगावर ओतलं. एक कळशी, दुसरी कळशी. पिंपाचा तळ खरवडला. ही तीच बाई, केस आहेत की शेत आहे विचारणारी. मी बघतच राहिले. मग ओल्या फडक्यानं तिचं तोंड आतून पुसलं, तिला लुगड्याच्या घडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "देवातली पळी आण."

"देवातली?"

"चमचा मोठा पडतो, वाटी सांडते. आण."

पूजेची तांब्याची पळी. एरवी सोवळ्यात नसताना तिला हात लावला तर दिवसभर ऐकावं लागायचं. त्या पळीनं त्यांनी कुत्रीच्या गालफडातून पाणी सोडलं. एक पळी. थांबायचं. मग दुसरी. मी तांब्या पुढे केला, तिला तहान लागली आहे, पिऊ दे की भरपूर. त्यांनी माझा हात बाजूला केला. "मीठ बाधलेल्याला घटाघटा पाजलं तर जागच्या जागी जातो. माहेरी शेळ्या मेलेल्या बघितल्यात मी. घोटाघोटानं द्यायचं, आणि देत राहायचं."

देत राहायला पाणी हवं. पिंपात नव्हतं. सासूबाईंनी तांब्या उचलला आणि चाळीत निघाल्या. त्या चाळीत त्यांनी तीस वर्षांत कोणाकडे चिमूटभर साखर मागितली नव्हती. आमचं आम्हाला पुरतं, हा त्यांचा ताठा होता. त्या दारोदार गेल्या. मला पडवीतून ऐकू येत होतं.

"तांब्याभर गोडं पाणी द्या."

"कोणी आलंय का हो?"

"नाही. कुत्रीला."

प्रत्येक दारी हेच. कोणी हसलं, कोणी दिलं, कोणी आमची गाडी उद्या आहे म्हणून दार लावलं. त्या परत आल्या तेव्हा तांब्या भरलेला होता आणि तोंड नेहमीसारखं होतं. त्या दिवशी आमच्या घरी चहा झाला नाही, भात झाला नाही. आम्ही दोघींनी चणे-कुरमुरे खाल्ले. पळीनं पाणी देणं चालू. दोनदा तिला झटके आले. दोन्ही वेळा सासूबाई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा कुत्रीनं मान उचलली. दुपारी चार पायांवर उभी राहिली आणि पुन्हा बसली. सासूबाईंनी पळी चिंचेनं घासली, राखेनं घासली, पाण्याखाली धरली, देवापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "चहा टाक."

तिसऱ्या दिवशी हे आले. एरवी ह्यांची चाहूल लागली की कुत्री बांधाच्या टोकापर्यंत बाणासारखी जायची. त्या दिवशी तिनं जागेवरून शेपटी हलवली. पोटाखालची कातडी सोलवटली होती, केसांचे पुंजके गेले होते, डोळे खोल. ह्यांनी पिशवी खाली ठेवली. तिच्याजवळ बसले. पोटावरून हात फिरवला तशी ती कळवळली. ह्यांनी हात काढून घेतला आणि विचारलं, "काय लावलंत हिला?"

मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

"कुंडीत बुडवली. गोचीड झाले होते," सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"कोणी?"

"मी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू कुठे होतीस?"

"ती नव्हती घरात. बारशाला पाठवली होती मी," सासूबाई म्हणाल्या. मान वर नाही, हात थांबला नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"आई, मी सांगून गेलो होतो. काही लावायचं नाही म्हणून. तू माणूस आहेस का?"

"असेन, नसेन. हातपाय धू. पानं घेते."

"तुझ्या हातचं नको," हे म्हणाले.

मी हातातला तांब्या खाली ठेवला. कुत्री उठली, लडखडत सासूबाईंकडे गेली आणि त्यांच्या मांडीवर तोंड ठेवायला लागली. ह्यांनी तिला उचलून बाजूला नेलं.

त्या दिवसापासून ह्यांचं पान मी वाढायचं. आईशी बोलणं बंद. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधे ह्यांनी बांबूच्या कामट्यांचं दार करून बसवलं, का तर आईचा हात कुत्रीला लागू नये. मला बजावलं, "आईला तिच्याजवळ जाऊ देऊ नकोस." मी बरं म्हटलं. दुपारी कुत्री त्या दाराला नाक लावून पडायची आणि पलीकडे सासूबाई पाठ टेकून वाती वळायच्या. एकदा हे कामावर असताना मी दार काढून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "लाव परत. त्याच्या लक्षात येईल."

आणि माझं काय झालं? माझं चांगलं झालं. संध्याकाळी ह्यांनी मला सतरंजीवर शेजारी बसवलं. "बघ, असं धरायचं." माझं बोट धरून दाखवलं. एक कान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, मधे रॉकेलची वाटी. गोचीड काढता काढता ते बोलायला लागले, आधी कुत्रीशी, मग माझ्याशी. लहानपणी तापात वडील कसे गेले ते सांगितलं. समुद्राची भीती वाटते ते सांगितलं. एकदा, कुत्रीच्या शेपटीखालचा एक अवघड गोचीड मी सबंध काढला, तर म्हणाले, "शहाणी आहेस." मी त्या रात्री झोपले नाही. लोकांचे संसार पत्रिका जुळवतात. आमचा गोचिडांनी जुळवला.

पंधरा दिवस गेले, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी खरं सांगून टाकते."

"सांग," त्या म्हणाल्या. "मग तो तुझ्याशी बोलायचा थांबेल आणि माझ्याशी बोलायला लागेल. मला त्यात काय मिळणार? माझं त्याच्याशी बत्तीस वर्षं बोलून झालंय. तुमचं आत्ता कुठे सुरू होतंय." मग वात वळता वळता म्हणाल्या, "आईवरचा राग जातो कुठे? जेवायच्या वेळेला घरीच येतो. आणि वरून गोडं पाणी ओतायला तू मला भ्यायलीस ना? मग अर्धी बुडवली मीच की."

मला बरं वाटलं. लाज वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण आधी बरं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती काही गेली नाही.

गणपतीत ह्यांनी विचारलं, "आई, दुर्वा कुठे ठेवल्यात?" सासूबाईंनी सांगितलं कोनाड्यात आहेत. संपलं. कामट्यांचं दार त्या पावसाळ्यात कुजलं, ते पुन्हा कोणी लावलं नाही. कुत्री पुढे बरीच वर्षं जगली, म्हातारी झाली, आणि एका दुपारी झोपेतच गेली. सासूबाईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. हे म्हणाले, "आता आईला वाईट वाटतंय." मी कुत्रीचं भांडं घासून उपडं ठेवलं. बोलायला जागा होती.

दुष्काळाच्या सालात, बहात्तरला, सासूबाई गेल्या. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपल्या. तेराव्याला पेणची सगळी मंडळी जेवायला बसली होती. जो तो त्यांच्याबद्दल काही ना काही सांगत होता. करारी होती, कोणापुढे हात पसरला नाही, पोराला एकटीनं वाढवलं. हे पहिल्या पंगतीत खाली मान घालून बसले होते. मग बोलले.

"आईनं आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही. एकदाच काय ते, मुक्या जनावराचं केलं. मी तिला फार टोचून बोललो होतो तेव्हा. पुढे मनातून माफही केलं होतं, पण ते तिला सांगायचं राहून गेलं."

डोळे पुसले त्यांनी. शेजारचे काका म्हणाले, "जाऊ दे रे. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं."

मी भात वाढत होते. ह्यांच्या पानासमोर आले, भात वाढला, वरण घातलं आणि विचारलं, "आणखी वाढू?"

"पुरे," ते म्हणाले. मी पुढच्या पानाकडे गेले.